भावावर विसंबला, तो फसला का?

मंडळी, यवतमाळात बसून अमेरिकेतल्या खटल्यांचा इतिहास कशाला, असं कुणी विचारेल. म्हणून आपण सुरुवात कापसापासूनच करू. बाजार समितीत गाडी उभी राहिली की शेतकरी काही व्यापाऱ्याच्या वह्या तपासत नाही. निघालेल्या भावावर विसंबून माल देतो. उद्या कळलं की खोटी बातमी पसरवून तो भाव पाडला होता, तर "तू ती बातमी वाचलीच नव्हतीस, मग फसलास कसा?" असं त्याला विचारता येईल का?

हाच प्रश्न 1988 मध्ये 'बेसिक विरुद्ध लेव्हिन्सन' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आला. विलीनीकरणाची बोलणी चालू असताना कंपनीने ती जाहीरपणे नाकारली. त्या काळात अनेकांनी शेअर विकले. न्यायालयाने म्हटलं की जाहीर माहिती भावात उतरते, तेव्हा भावावर विसंबलेला माणूस त्या असत्यावरही विसंबला असं गृहीत धरावं. कंपनीला हे गृहीतक खोडून काढण्याची मुभा होतीच. पण त्यामुळेच हजारो भागधारकांचा सामूहिक दावा शक्य झाला. नाहीतर कोणी काय वाचलं, हे प्रत्येकाला वेगळं सिद्ध करावं लागलं असतं.

उद्योगजगताला हे खुपत राहिलं. 2014 मध्ये हॅलिबर्टन कंपनीने हे गृहीतकच रद्द करा, अशी मागणी केली. यूएस चेंबर ऑफ कॉमर्स ही उद्योगांची संघटना खटल्यात पक्षकार नसूनही न्यायालयमित्र म्हणून तिच्या बाजूने उतरली. उद्योगांचं म्हणणं असं की, दावा सामूहिक ठरला की खरं-खोटं होण्याआधीच कंपनीला तडजोड करावी लागते, आणि भरपाई शेवटी आजच्या भागधारकांच्याच खिशातून जाते. हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकी सरकार मात्र गृहीतक टिकवण्याच्या बाजूने उभं राहिलं. न्यायालयाने गृहीतक ठेवलं. फक्त, आपल्या विधानाचा भावावर परिणाम झालाच नाही, हे सुरुवातीलाच दाखवण्याची संधी कंपनीला दिली.

आता आपल्याकडे येऊ. 7 जानेवारी 2009 रोजी 'सत्यम'च्या अध्यक्षांनी हिशेब फुगवल्याची कबुली दिली. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात 2011 मध्ये कंपनीने 12.5 कोटी डॉलरची तडजोड केली. भारतात राहून भारतीय बाजारात शेअर घेतलेले त्या तडजोडीबाहेर राहिले. इथे गुंतवणूकदारांच्या एका संघटनेने ग्राहक आयोगाचं दार ठोठावलं. दाद लागली नाही. सर्वोच्च न्यायालयातही यश आलं नाही.

पुढे 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 245 आलं आणि 1 जून 2016 पासून लागू झालं. साधारणपणे 100 भागधारक एकत्र आले, तर त्यांना राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाता येतं. वाट आहे, पण वर्दळ फार थोडी.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून शेवटी एक प्रश्न ठेवतो. अपिलात एका कंपनीचा निकाल लागतो, पण नियम सगळ्यांसाठी ठरतो. उद्योगांनी आपली बाजू तिथे मांडणं गैर नाही. त्यांच्याकडे कायमची संघटना आहे, वकील आहेत. ज्याला आपण फसलो हे अजून कळलेलंच नाही, त्याच्या वतीने तिथे कोण उभं राहणार? यावर बोलूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.