गीत आणि विषादशमन : सज्जनगड व मिरज येथील दाखले

अध्यापनांतून निवृत्त झाल्यावर एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. त्याच्या घरांतील एक माणूस कित्येक महिने खिन्न बसून होतें. झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं. "गुरुजी, कोणता राग ऐकविला म्हणजे बरें वाटेल?" असें त्यानें विचारिलें. मिरजेच्या दर्ग्यांतील गायनाची आख्यायिका त्यानें ऐकिली होती, व तिच्या भरंवशावर औषध बंद करावें असा घरांत विचार चालला होता. प्रश्न रुग्णाचा खरा. परंतु त्याच्या मुळाशीं इतिहासाचा प्रश्न आहे. आपल्या प्रांतांत गीतानें पीडा हरल्याचे जे दाखले सांगतात, त्यांवरून सिद्ध काय होतें?

प्रथम शास्त्राधार पाहूं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, 15 व्या अध्यायांत, रुग्णासाठीं घर सिद्ध करण्याचा विधि आहे. औषधें, उपकरणें व परिचारक यांच्याबरोबरच गायन, वादन, कथा व पुराणें यांत कुशल अशीं माणसेंही तेथें ठेवावीं, असें चरक सांगतो. गायक येथें वैद्याच्या जागीं नाहीं, वैद्याच्या जोडीस आहे. पुढें 13 व्या शतकांत देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकर' रचिला. त्यांत स्वरविचारापूर्वीं गर्भाची वाढ, शरीराचीं अंगें व नाड्या यांचें विवेचन येतें. नाद देहांतून उठतो, म्हणून देह आधीं जाणावा, असा हा क्रम आहे.

आतां सातारा व मिरज यांस जोडणारा पहिला दाखला. समर्थ रामदासांची शिष्या वेणाबाई ही मिरजेच्या सासरीं बालवयांतच विधवा झाली. त्या काळीं अशा स्त्रीच्या वांट्यास माजघरांतला कोपरा व मौन एवढेंच येई. समर्थांनीं तिला उभें राहून कीर्तन करण्याचा अधिकार दिला आणि मिरजेचा मठ तिच्या स्वाधीन केला. तिची समाधि सज्जनगडावर आहे. समर्थांसमोर कीर्तन करीत असतांच तिनें देह ठेविला, अशी संप्रदायाची परंपरा. ही परंपरा शब्दशः मानावी अथवा न मानावी. पण जिचें बोलणेंच बंद झालें असतें, तिला आवाज, कार्य व श्रोते मिळाले, हें निर्विवाद आहे. दुःखाचें कारण दूर झालें नाहीं. दुःखाचा कोंडमारा मात्र सुटला.

दुसरा दाखला किराणा घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां यांचा. 1896 सालीं मुंबईंत उद्भवलेला प्लेग लवकरच दक्षिण महाराष्ट्रांत पसरला. त्या दिवसांत खांसाहेबांस मिरजेंत प्लेगानें गांठलें; त्यांनीं ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यांत बसून गायन केलें व ते बरे झाले, अशी आख्यायिका आहे. प्लेगाचे जंतु 1894 सालींच ओळखले गेले होते. ते स्वरांनीं मरत नाहींत. शिवाय या आख्यायिकेची परीक्षा खांसाहेबांच्या अखेरीनेंच होते. 27 ऑक्टोबर 1937 रोजीं, पाँडिचेरीच्या प्रवासांत, सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर ते उतरले. छातींत कळा येत होत्या. त्यांनीं तंबोरा लावविला व दरबारीचे स्वर आळवीत प्राण सोडला, अशी हकीकत सांगतात. या वेळीं गायनानें देह वांचला नाहीं. मग दोन्ही प्रसंगीं समान काय? मृत्यूच्या भयापुढें चित्त स्वरावर स्थिर राहिलें, एवढेंच; आणि तें थोडें नव्हे. त्यांचा देह मिरजेस आणून त्याच दर्ग्याच्या आवारांत ठेविला, व उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ गवई आपली हजेरी लावूं लागले.

दर्ग्याची आख्यायिका सांगतांना त्याच मिरजेंतील दुसरी गोष्ट विसरूं नये. प्लेगापूर्वींच, 1894 सालीं, डॉक्टर वॉन्लेस यांनीं तेथें मिशनचें रुग्णालय उघडलें. तंबोरा व औषधाची बाटली हीं एकाच गांवांत शेजारीं नांदलीं. मिरजेनें एकीसाठीं दुसऱ्याचा त्याग केला नाहीं.

आधुनिक प्रयोगही याच दिशेनें जातात. 2017 सालीं कॉक्रेन संस्थेनें 9 प्रयोगांतील 421 रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नेहमींच्या उपचारांस संगीतोपचाराची जोड दिल्यास नुसत्या उपचारांपेक्षां नैराश्य अधिक उतरतें व चिंताही कमी होते, असें त्यांत दिसून आलें. हा गुण पहिल्या कांहीं महिन्यांपुरताच दाखवितां आला आहे. संगीतोपचार म्हणजे केवळ ऐकविणेंही नव्हे. शिक्षित उपचारकासमवेत रुग्ण स्वतःही गातो अथवा वाजवितो. गातांना उच्छ्वास लांबतो, लक्ष एका जागीं येतें, आणि एकाकी मनुष्यास सोबत लाभते. वेणाबाईच्या कीर्तनांत यांतील काय उणें होतें?

म्हणून त्या विद्यार्थ्यास मीं सांगितलें, "रागाचें नांव विचारूं नकोस. वैद्याचें औषध एक दिवसही चुकवूं नकोस. आणि सायंकाळीं रुग्णाजवळ बसून, त्याला येत असेल तें पद त्याच्याबरोबर म्हण. तुझा सूर लागला नाहीं तरी चालेल."