लग्नाचा फोटो : मध्ये कोण, कडेला कोण?



मागच्या वैशाखात आमच्या पुतणीचं लग्न झालं, इथं कोरेगावातच. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री सुरू झाली, शेवटच्या अक्षता पडल्या आणि मी मोबाईल वर करून फोटो काढला. लग्नाचा फोटो काढायची माझी ही पहिलीच वेळ. रात्री घरी येऊन बघते तर काय! सगळा मांडव तिरका. नवरदेवाच्या डोक्यातून मांडवाचा खांब उगवलेला. स्टेजच्या दिव्यांनी वरचा भाग पांढरा फटक. उजव्या कडेला मोठा कूलर आणि कूलरशेजारी अंधारात कुणीतरी उभं.

शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी म्हणाली, "काकी, तेवढा कूलर कापून टाका, फोटो एकदम झकास होईल." मी कड धरून आत ओढायला गेले आणि बोट थांबलं. कूलरशेजारी आमच्या थोरल्या जाऊबाई होत्या, म्हणजे नवरीची आई. दीर जाऊन तीन वर्षं झाली. कन्यादान आम्ही नवरा-बायकोने केलं. मी त्यांना स्टेजवर बोलावलं होतं, तर म्हणाल्या, "राहू दे गं, तुम्ही उभं राहा." आता मी कूलर कापला असता, तर लेकीच्या लग्नातून आईच कापली गेली असती.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच विचार. फोटोत कुणी मध्ये यायचं, कुणी कडेला राहायचं, हे ठरवतं कोण? म्हणून या फोटोंचा इतिहास जरा धुंडाळला. तोच आज तुम्हाला सांगते.

फोटोची कला जगापुढे आली १८३९ साली, फ्रान्समध्ये. लुई दागेर नावाच्या माणसाची ही युक्ती. थोड्याच वर्षांत ती समुद्रमार्गे मुंबईला आली. १८५४ साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची संस्था निघाली, बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला आणि तिथं शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी मुंबईत नाव कमावलं. म्हणजे आपली माणसं या कलेत पहिल्यापासून आहेत.

जुन्या फोटोंत माणसं अशी ताठ का बसतात, हसत का नाहीत, असं आपल्याला वाटतं. त्याचं एक मोठं कारण साधं आहे. सुरुवातीला फोटो उमटायला बराच वेळ लागायचा. हललं की चेहरा पुसट. म्हणून खुर्ची द्यायची, मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावायचा. पुढे यंत्रं सुधारली, पण बसायची रीत तशीच राहिली. पुरुष खुर्चीत, बायको शेजारी उभी, डोक्यावर पदर. आपल्या घरांत तुळईखाली टांगलेले आजी-आजोबांचे फोटो आठवा. लग्न गावात व्हायचं, आणि फोटो मात्र नंतर कधीतरी तालुक्याच्या स्टुडिओत जाऊन, रंगवलेल्या पडद्यापुढे काढायचा. एका लग्नाचा एकच फोटो. त्यामुळे त्यात कोण बसणार, हा मानाचा प्रश्न असायचा.

बायकांना तर कॅमेऱ्यापुढे यायलाच वेळ लागला. परक्या पुरुषासमोर बसायचं कसं? राजा दीनदयाळ या नामांकित फोटोग्राफरने १८९२ साली हैदराबादेत खास बायकांसाठी स्टुडिओ काढला. तिथं फोटो काढणारीही बाईच होती. पुढे होमाई व्यारावाला मुंबईत शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. फोटो बाईने काढायचा आणि नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काही नवीन नाही. शेतात राबतो आपण, सातबारा कुणाच्या नावावर असतो?

आता फोटो सुधारण्याबद्दल. ही मोबाईलबरोबर आलेली गोष्ट नाही. १८५५ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात हान्फश्टेंगल नावाच्या जर्मन फोटोग्राफरने एकाच माणसाचे दोन फोटो लावले. एक जसाच्या तसा, दुसरा हाताने दुरुस्त केलेला. लोक बघतच राहिले. मग सगळीकडे 'टचिंग' सुरू झालं. बारीक पेन्सिलीने चेहऱ्यावरचे व्रण झाकायचे, सुरकुत्या पुसायच्या. काळ्या-पांढऱ्या फोटोत ब्रशने साडीला रंग, ओठांना लाली. १९९० साली फोटोशॉप आलं आणि हेच काम कॉम्प्युटरवर होऊ लागलं. आज मोबाईलमध्ये एका बोटात होतं.

पण पुसलं काय गेलं, ते बघा. उन्हात काम करून सावळी झालेली पोरगी लग्नाच्या अल्बममध्ये गोरीपान दिसते. आपल्याच मुलीचा रंग आपल्याला दुरुस्त करावासा वाटतो. व्रण, सुरकुत्या, रंग, आणि मग कडेला उभी असलेली माणसं. सुधारणा आणि पुसणं यांत फरक आहे, आणि तो बोट ठेवणाऱ्यानेच ओळखायचा.

फोटो सुधारायचा कसा, ते मला मशीनपेक्षा चित्रांनी जास्त शिकवलं. आपण यमाईला औंधला जातो. वर चढताना वाटेत संग्रहालय लागतं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी ते १९३८ साली उभं केलं. तिथं राजा रविवर्मा यांची चित्रं आहेत. पुढच्या वेळी घाई न करता बघा. चित्रकार बाईच्या डोक्यामागे खांब येऊ देत नाही. उजेड चेहऱ्यावर पडतो, भिंतीवर नाही. नजर आधी कुठं जावी, मग कुठं वळावी, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं.

दुसरी युक्ती म्हणजे नऊ चौकटी. मोबाईलच्या कॅमेऱ्यात 'ग्रिड' नावाची सोय असते. ती चालू केली की पडद्यावर दोन आडव्या, दोन उभ्या रेघा येतात. महत्त्वाचं माणूस अगदी मधोमध न घेता एखाद्या रेघेवर घ्यायचं, म्हणजे फोटोला तोल येतो. हा नियम १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने पुस्तकात लिहून ठेवला, फोटोचा जन्म होण्याआधीच.

हे सगळं घेऊन मी पुन्हा माझ्या फोटोकडे वळले. आधी मूळ फोटो तसाच ठेवून त्याची कॉपी केली. हे विसरू नका, मूळ फोटोवर कधी काम करायचं नाही. मग मांडव सरळ केला. वरचा पांढरा भाग कापला. डावीकडे रिकाम्या खुर्च्या होत्या, त्या कापल्या. उजवी कड तशीच ठेवली. आता नवरा-नवरी डाव्या रेघेवर आले आणि जाऊबाई उजव्या रेघेवर. त्यांच्या बाजूचा अंधार थोडा उजळला. चेहऱ्याच्या रंगाला हात लावला नाही, ब्युटी फिल्टर तर अजिबात नाही. तेव्हा कुठं दिसलं की त्यांच्या मुठीत अक्षता होत्या. सगळ्यांच्या टाकून झाल्या, त्यांची मूठ अजून मिटलेली. कूलर आहे फोटोत, आणि खांबही नवरदेवाच्या डोक्यामागे आहेच. तो मोबाईलने जाणार नव्हता. फोटो काढतानाच मी दोन पावलं बाजूला सरकले असते, तर गेला असता.

आणि तशीच दोन पावलं मी त्या दिवशी जाऊबाईंसाठीही टाकायला हवी होती. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, या प्रथा बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ठराव मोलाचा आहे. पण लग्नात फोटोसाठी हाका मारताना "आधी अक्कांना बोलवा" असं म्हणणारं माणूस घरातलंच लागतं. मी एकदा बोलावलं, त्या नाही म्हणाल्या, आणि मी ऐकलं. सोपं होतं ऐकणं.

सत्यनारायणाला लेक-जावई आले, तेव्हा मी दुसरा फोटो काढला. सोप्यात, दारातून येणाऱ्या उजेडात, मागे साधी भिंत. अक्का खुर्चीत, लेक आणि जावई दोन्ही बाजूंना उभे. "मी कशाला मध्ये?" असं त्या दोनदा म्हणाल्या. या वेळी मी ऐकलं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या लग्नाला मोबाईल उचलण्याआधी एक काम करा. मांडवाच्या चारी कडा बघून घ्या. तिथं कोण उभं आहे, त्यांना हाताला धरून आत घ्या. मग फोटो काढा.