आधण आणि ते ठेवण्याची सुवाह्य साधने
आधण म्हणजे तांदूळ किंवा डाळ वैरण्यापूर्वी चुलीवर उकळत ठेवलेले पाणी. ते थोड्या इंधनात आणि सहज उचलून नेता येईल अशा साधनावर कसे आणावे, हा प्रश्न सुरतेसारख्या शहरात रोजचा आहे. कारण उधना, लिंबायत या भागांत यंत्रमाग आणि कापडधंद्यावर पोट असलेली अनेक खानदेशी कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत राहतात. उत्तर भारताकडे जाणारी हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वायुवाहिनी सुरतेच्या वेशीवरून निघते आणि शहरात नळाने गॅसही येतो. मात्र नळजोडणी घराला बांधलेली असल्याने बिऱ्हाड हलले की ती मागेच राहते, आणि भिस्त 5 किलोच्या लहान सिलिंडरवर येते.

एक लिटर पाणी 27 अंश सेल्सिअसवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे 306 किलोज्यूल उष्णता लागते, तर तेवढ्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ होण्यास सुमारे 2,257 किलोज्यूल, म्हणजे सातपटींहून अधिक. उघड्या पातेल्यातून निघून जाणारी वाफ म्हणूनच सर्वांत महाग पडते, आणि झाकणाइतकी स्वस्त सुधारणा दुसरी नाही.

दुसरी गळती ज्वाळेची. पातेल्याच्या कडेने निसटणारी धग पाण्यापर्यंत पोचतच नाही. यावरचा जुना उपाय बंबात दिसतो: तांब्याच्या उभ्या पिंपाच्या मधोमध धुराडे असते, त्यात वरून ढलप्या टाकतात, राख जाळीतून खाली पडते आणि चहूबाजूंचे पाणी वर निघालेल्या धुराचीही उष्णता शोषून घेते. ‘बंब’ हा शब्द ‘पंप’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. रशियन सामोवारची रचनाही याच जातीची. बंब मात्र जड, आणि त्याची मुख्य जागा न्हाणीघरात.

स्वयंपाकासाठी याहून नेमकी रचना कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांच्या इकमिक कुकरची (1910). त्यात तळाशी कोळशाची शेगडी, तिच्यावर थोडे पाणी आणि त्या वाफेत डब्यांची चळत अशी योजना होती. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर त्याच वाटेने जातो. साधारण 100 ते 150 ग्रॅम कांडी कोळशावर त्यात कुटुंबाचे जेवण शिजते. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्रासाठी या संस्थेला 2002 मध्ये अॅश्डेन पुरस्कार मिळाला.

विजेचा रॉड जवळजवळ सर्व ऊर्जा पाण्यातच सोडतो, म्हणून तो आदर्श वाटतो. पण तापक वेटोळे पाण्याबाहेर राहिले तर जळते, धातूच्या भांड्यात झटक्याचे भय असते आणि त्यावर साचलेला क्षार अन्नाच्या पाण्यात उतरतो. एकदा आलेली उष्णता धरून ठेवणे हा अधिक शहाणा मार्ग म्हणावा लागेल. उकळी फुटल्यावर झाकण घट्ट लावून भांडे गोधडीत गुंडाळले, तर भात आणि भिजवलेली मूगडाळ आच बंद असतानाही शिजते. तूरडाळीला मात्र मधे एकदा पुन्हा उकळी द्यावी लागते.

खानदेशी घरात आधणाचा आणखी एक उपयोग आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो आणि जुने पीठ तर परातीत थापताना काठाला फाटते. उकळते पाणी घातल्यावर त्यातले स्टार्च फुगून पीठ धरते आणि भाकरी थापता येते. त्यासाठी तांब्याभर पाणी पुरते, आणि तेवढ्यासाठी मोठे पातेले चढवणे हीच उधळपट्टी.