काउब : ऱ्हाइनच्या नाक्यावरील एक गांव

ऱ्हाइन नदीचें वर्णन करूं लागलें म्हणजे बहुतेक प्रवासी लोरेलाईच्या खडकापाशीं जाऊन थांबतात. त्या खडकापासून दोन-तीन कोस प्रवाहाच्या वरच्या अंगास, उजव्या तीरावर, काउब नांवाचें एक लहानसें गांव आहे. वस्ती हजाराच्या आंतली. कागदोपत्रीं त्यास १३२४ सालापासून शहराचा दर्जा आहे. परंतु नदी व डोंगर यांच्यामध्यें जी चिंचोळी पट्टी त्याच्या वांट्यास आली आहे, तींत शहर मावणें शक्य नाहीं. म्हणून आम्ही त्यास गांवच म्हणणार. एवढ्याशा टीचभर जागेंत सम्राट, पोप आणि सेनापति यांचें लक्ष वारंवार कां गुंतावें, असा प्रश्न वाचकांस पडेल. त्याचें उत्तर पाण्यांत आहे.

येथें नदीचें पात्र अरुंद व खडकाळ आहे. नाव जपून हांकावी लागते. आणि जी नाव जपून चालते ती अडविणेंहि सोपें असतें. १२७७ सालीं हें गांव पफाल्झच्या अधिपतींच्या हातीं आलें. त्याच घराण्यांतील राजा लुडविग बव्हेरियन यानें १३२६-२७ च्या सुमारास नदीच्या मधोमध एका खडकाळ बेटावर पंचकोनी मनोरा बांधला, आणि पुढें दहा-बारा वर्षांनीं त्याच्याभोंवतीं षट्‌कोनी तट उभा राहिला. हाच पफाल्झग्राफेनश्टाइन. त्याचा प्रवाहाकडील कोपरा नावेच्या नाळेसारखा निमुळता काढलेला आहे. पुराचें पाणी व हिंवाळ्यांतील बर्फाचे तुकडे त्यावर आदळून दुभंगतात. दुरून पाहणारास एखादें दगडी जहाज नांगर टाकून उभें आहे असाच भास होतो.

लोक यास किल्ला म्हणतात. वस्तुतः ही जकातीची चौकी होय. लुडविगचें हाडवैर असलेले पोप बाविसावे जॉन यांनीं हा मनोरा पाडून टाकण्याविषयीं ऱ्हाइनकांठच्या आर्चबिशपांस फर्माविलें. ह्या आर्चबिशपांचीं स्वतःचीं जकातनाकीं याच नदीवर होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या धार्मिक संतापाची खरी किंमत कळते! मनोरा पडला नाहीं. १८०३ सालीं गांव नासाउकडे गेलें, १८६६ सालीं प्रशियाकडे. आणि १८६७ सालीं जकात बंद झाली. पांचशें वर्षांहून अधिक काळ एका खडकानें व्यापाऱ्यांच्या थैल्या हलक्या केल्या. दुसऱ्याच वर्षीं मानहाइमच्या करारानें ऱ्हाइनवरील नौकानयन मुक्त ठरलें.

गांवामागच्या डोंगरावर गूटेनफेल्स हा दुसरा गड आहे. १५०४ सालीं हेसच्या लांडग्राफ विल्हेल्मनें त्यास एकोणचाळीस दिवस वेढा दिला, पण गड हाती लागला नाहीं. तेव्हांपासूनच त्यास हें नवें नांव मिळालें. जें विल्हेल्मला साधलें नाहीं तें १८०६ सालीं नेपोलियनच्या एका हुकमानें साधलें. आज दिसतो तो गड १८८९ नंतर पुन्हां उभारलेला आहे.

नेपोलियनची परतफेड मात्र ह्याच गांवांतून झाली. लाइप्सिगच्या लढाईनंतर फ्रेंच फौजा ऱ्हाइनपलीकडे हटल्या होत्या. मायन्झचा बळकट किल्ला त्यांच्या ताब्यांत होता, म्हणून एकाहत्तर वर्षांचा प्रशियन सेनापति ब्ल्यूखर यानें हें आडबाजूचें ठिकाण निवडलें. १८१३ च्या अखेरच्या रात्रीं पहिल्या तुकड्या नावांत बसून पैलतीरीं उतरल्या. मागून रशियन कारागीर सैनिकांनीं कापडानें मढविलेल्या तराफ्यांचा पूल तीरापासून बेटापर्यंत व बेटापासून पलीकडे बांधण्यास आरंभ केला. प्रवाहानें तो मध्यंतरीं तोडला. तो पुन्हां जोडला गेला. पुढील कांहीं दिवसांत सुमारें पन्नास हजार माणसें, घोडे व तोफा यांसह पार झालीं. ज्या खानावळींत ब्ल्यूखर उतरला, तेथें आतां त्याच्या नांवाचें संग्रहालय आहे, आणि नदीकांठीं १८९४ सालीं उभारलेला त्याचा पुतळा. परंतु काळोखांत, गोठत्या पाण्यांत, तो प्रवाह ओळखून वल्हें मारणाऱ्या नावाड्यांवांचून त्या रात्रीं सेनापतीचें कांहींहि चाललें नसतें, असें आम्हांस वाटतें.

गांवाचा दुसरा धंदा पाटीच्या दगडाचा. छपरांसाठीं हा दगड डोंगर पोखरून काढीत. ज्या डोंगरानें अन्न दिलें त्यानेंच १८७६ च्या मार्चमध्यें घात केला : कडा रात्रींच्या वेळीं घरांवर कोसळला आणि वीसांहून अधिक माणसें गाडलीं गेलीं.

पहिल्या महायुद्धानंतरचा प्रकार तर हास्यरसाचाच. दोस्त राष्ट्रांनीं मायन्झ व कोब्लेन्ट्स यांभोंवतीं तीस-तीस किलोमीटर त्रिज्येचीं वर्तुळें काढून आपापला ताबा ठरविला. हीं वर्तुळें एकमेकांस पुरतीं भिडलीं नाहींत. काउब व लोर्ख यांसह एक अरुंद पट्टी मध्यें मोकळी राहिली आणि उरलेल्या जर्मनीशीं तिचा सरळ रस्ता तुटला. नकाशावर तिचा आकार बाटलीच्या मानेसारखा दिसे, म्हणून ‘फ्लाशेनहाल्स’ हें नांव. गाड्या तेथें थांबेनात. लोकांनीं स्वतःच्या नोटा छापल्या आणि चोरट्या व्यापारावर दिवस काढले. १९१९ च्या जानेवारींत सुरू झालेला हा कारभार १९२३ च्या फेब्रुवारींत फ्रेंच फौजा आल्यावर संपला.

ज्यास वेळ असेल त्यानें गांवांतलें देऊळ अवश्य पाहावें. एकाच वास्तूंत एका अंगास प्रॉटेस्टंट व दुसऱ्या अंगास कॅथॉलिक मंडळी उपासना करतात, आणि मध्यें भिंत आहे. भांडणाचा इतका काटकसरी निकाल आम्हीं क्वचितच ऐकला असेल.

२००२ सालीं युनेस्कोनें ह्या खोऱ्यास जागतिक वारशाचा मान दिला. तरी व्यापारी जगांत काउबचें नांव आज घेतलें जातें तें तेथील पाणी मोजण्याच्या पट्टीमुळें. मध्य ऱ्हाइनचा हा सर्वांत उथळ भाग. ह्या पट्टीवरील आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे. जहाजांच्या मार्गांत पाणी त्याहून सुमारें एक मीटर अधिक असतें. परंतु मानहाइम, लुडविग्सहाफेन किंवा बाझल येथें जाणाऱ्या जहाजानें किती माल भरावा हें त्याच आकड्यावरून ठरतें. २०१८ च्या ऑक्टोबरांत तो पंचवीस सेंटिमीटरांवर उतरला. जहाजें अर्ध्याहून कमी भरून चालूं लागलीं, आणि लुडविग्सहाफेनच्या रासायनिक कारखान्यास उत्पादन आवरावें लागलें. २०२२ च्या ऑगस्टांत पुन्हां तोच प्रसंग आला. जकातीचा मनोरा बेटावर तसाच उभा होता, आणि त्याच्या पायथ्याचे खडक उघडे पडले होते.