घंटा वाजवणारे गुरुजी

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून धावायचा तो दांडगा खेळ. त्यातल्या एका कॉलेज-प्रशिक्षकाचा मी मात्र चाहता आहे. त्यांचं नाव एडी रॉबिन्सन.

लुईझियाना राज्यात १९१९ साली, वाट्याने शेती करणाऱ्या कृष्णवर्णीय घरात ते जन्मले. १९४१ साली ग्रॅम्बलिंगच्या कॉलेजात प्रशिक्षक झाले आणि १९९७ पर्यंत तिथेच राहिले. दुसऱ्याच मोसमात त्यांच्या संघाने सगळे सामने जिंकले, तेही प्रतिस्पर्ध्याला एकही गुण न देता!

तो काळ वर्णभेदाचा. दौऱ्यावर या मुलांना गोऱ्यांच्या हॉटेलांत जेवायला मिळत नसे, म्हणून रॉबिन्सन स्वतः सँडविच करून देत. सकाळी सहाला वसतिगृहात घंटा वाजवत ते हिंडत. ही घंटा मैदानासाठी नसे, वर्गासाठी असे. खेळ संपला तरी पदवी हाती राहावी, हा त्यांचा हट्ट.

टँक यंगर हा त्यांचा विद्यार्थी १९४९ साली व्यावसायिक लीगमध्ये गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून तिथे पोहोचलेला तो पहिला खेळाडू. त्याच्यामागून ग्रॅम्बलिंगचे दोनशेहून अधिक गेले. त्यांच्यातलाच डग विल्यम्स १९८८ साली सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला.

३ एप्रिल २००७ रोजी रॉबिन्सन गेले. त्यांचा ४०८ विजयांचा विक्रम २००३ सालीच मोडला होता. विक्रम मोडण्यासाठीच असतात. पण त्या घंटेने जागी झालेली मुलं पुन्हा झोपली नाहीत.