‘व्ही. पी.’ ते ‘चार्जबॅक’ : दूरस्थ विक्रीतील पैशांच्या वादांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

आठवडी बाजारात माल आणि पैसा यांची देवघेव एकाच वेळी होते. ग्राहक माल पारखतो, विक्रेता पैसे मोजून घेतो आणि व्यवहार जागच्या जागी संपतो. ‘या हाताने द्यावे, त्या हाताने घ्यावे’ या रीतीत वादाला फारशी जागा उरत नाही. विक्रेता आणि ग्राहक यांच्यात अंतर पडले की मात्र दोन प्रश्न निर्माण होतात. आधी विश्वास कोणी ठेवायचा, हा पहिला. आणि तक्रार उद्भवली त्या क्षणी पैसा कोणाच्या ताब्यात आहे, हा दुसरा. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम ३२ नुसार, वेगळा करार नसेल तर मालाचा ताबा देणे आणि किंमत चुकती करणे या परस्परांवर अवलंबून असणाऱ्या व एकाच वेळी पूर्ण करावयाच्या अटी आहेत. दूरस्थ व्यापारात ही अट शब्दशः पाळता येत नाही. त्यामुळे मधल्या काळात माल किंवा पैसा सांभाळणाऱ्या तिसऱ्या पक्षाची गरज निर्माण होते.

आज घरबसल्या साड्या, मसाले वा हस्तकलेच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या लहान विक्रेत्यापुढे प्रामुख्याने तीन तक्रारी येतात : ‘माल मिळालाच नाही’, ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ आणि ‘हा व्यवहार मी केलाच नाही’. तक्रार येताच त्याची रक्कम रोखली जाते किंवा खात्यातून वळती केली जाते. मोठ्या व्यापाऱ्यास ही बाब किरकोळ वाटेल. परंतु ज्याचे खेळते भांडवलच काही हजारांचे आहे, त्याच्या दृष्टीने चार-पाच पार्सलांची अडकलेली रक्कम म्हणजे पुढील खरेदी थांबणे होय. हा प्रश्न तंत्रज्ञानाने निर्माण केला, असा सर्वसाधारण समज आहे. प्रस्तुत निबंधात या समजाची ऐतिहासिक दृष्टीने तपासणी केली आहे.

उद्दिष्टे :

१. दूरस्थ विक्रीत पैसा आणि माल यांच्यातील जोखीम कोणत्या काळात कोणावर होती, याचा मागोवा घेणे.
२. वादात निर्णय देणाऱ्या मध्यस्थाचे स्वरूप कसे बदलत गेले, हे स्पष्ट करणे.
३. या इतिहासाच्या आधारे आजच्या ऑनलाइन विक्रेत्याची स्थिती समजून घेणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत निबंध दुय्यम साधने, संबंधित कायदे आणि भारतीय रिझर्व्ह बँकेची परिपत्रके यांवर आधारलेला असून त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. विवेचन मुख्यतः भारतापुरते मर्यादित आहे. ऑनलाइन वादनिवारणाचा पाया अमेरिकेत घातला गेला असल्याने तेथील घडामोडींचा आवश्यक तेवढाच विचार केला आहे.

हुंडी : जोखमीची जुनी वाटणी

दूरच्या पेठेत पैसे पोहोचविण्यासाठी भारतीय व्यापाऱ्यांनी हुंडीची व्यवस्था विकसित केली होती. दर्शनी, मुदती, शाहजोग अशा तिच्या अनेक प्रकारांपैकी ‘जोखमी हुंडी’ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरते. या हुंडीची रक्कम माल सुखरूप पोहोचला तरच देय होत असे. माल वाटेत बुडाला तर हुंडीवरील पैशाची मागणीही संपत असे. हुंडी गहाळ झाल्यास ‘पेठ’ आणि तीही हरवल्यास ‘परपेठ’ या नावांनी दुसरी व तिसरी प्रत देण्याचा प्रघात होता. म्हणजेच ‘माल पोहोचला नाही’ आणि ‘कागद पोहोचला नाही’ या दोन्ही शक्यता व्यापाऱ्यांनी आधीच गृहीत धरलेल्या होत्या. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ नेही देशी भाषांतील अशा संलेखांविषयीच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या. मात्र ही व्यवस्था पेढ्यांच्या परस्पर ओळखीवर व पतीवर उभी होती. अनोळखी किरकोळ ग्राहक तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

मूल्यदेय टपाल : शासन मध्यस्थ होते

अनोळखी ग्राहकास माल पाठविण्याची सोय भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये सुरू केलेल्या मूल्यदेय टपालाने, म्हणजेच सर्वसामान्यांच्या बोलण्यातील ‘व्ही. पी.’ने झाली. पोस्टमनने पार्सल द्यावे, किंमत वसूल करावी आणि ती रक्कम टपाल खात्याने विक्रेत्याकडे पाठवावी, अशी ही पद्धत होती. पुस्तके, औषधे, घड्याळे अशा वस्तूंचा व्यापार तिच्या आधारे शहराबाहेर पोहोचला. नियतकालिकांची वर्गणीही व्ही. पी.ने वसूल करण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रातील वाचकांच्या कित्येक पिढ्यांना व्ही. पी. सोडवून घेणे हा शब्दप्रयोग परिचित आहे.

भारतीय टपाल अधिनियम, १८९८ च्या कलम ३४ ने या सेवेस कायद्याचा आधार दिला. ग्राहकाकडून रक्कम प्रत्यक्ष मिळेपर्यंत त्या रकमेबाबत शासनावर कोणतेही दायित्व येणार नाही, असे त्यात स्पष्ट केले होते. कलम ३५ अन्वये करावयाच्या नियमांत दोन्ही बाजूंचा विचार दिसतो. एकीकडे, पार्सल खऱ्या मागणीवरूनच पाठविले आहे असे विक्रेत्याने लिहून द्यावे, अशी अट घालता येत होती. दुसरीकडे, फसवणुकीच्या प्रकरणी वसूल झालेली रक्कम रोखून ठेवून ती ग्राहकास परत करण्याची तरतूद होती. आजच्या ऑनलाइन बाजारपेठेतील ‘पेमेंट होल्ड’चे बीज येथे आढळते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

या पद्धतीतील जोखमीची विभागणी लक्षणीय होती. पैसे देईपर्यंत पाकीट उघडता येत नसल्याने कलम ४१ मधील माल तपासण्याचा ग्राहकाचा हक्क व्यवहारात लांबणीवर पडत असे. पैसे दिल्यावर आत विटेचा तुकडा निघाला तरी दाद मागण्याचा भार त्याच्यावरच पडे. उलटपक्षी, ग्राहकाने पार्सल नाकारले तर माल परत येई आणि टपालखर्चाचा भुर्दंड विक्रेत्यास सोसावा लागे. रतलाम येथील एका व्यापारी संस्थेच्या प्राप्तिकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असे स्पष्ट केले की, व्ही. पी. पार्सल टपालात टाकल्याने मालकी ग्राहकाकडे जात नाही. किंमत चुकती करून त्याने माल घेतल्यावरच ती जाते. दारात नाकारलेल्या पार्सलाचा मालक विक्रेताच का राहतो, याचे उत्तर या निर्णयात मिळते.

येथे एक बाब अधोरेखित केली पाहिजे. टपाल खाते हे मध्यस्थ होते. परंतु त्याचे नियम कायद्याने बांधलेले व प्रसिद्ध केलेले होते आणि विक्रीच्या वाढीत त्याचा स्वतःचा वाटा नव्हता. १८९८ च्या अधिनियमाची जागा पुढे टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ ने घेतली.

पतपत्र व ईबे : खाजगी न्यायव्यवस्थेचा उदय

अमेरिकेत १९७४ च्या ‘फेअर क्रेडिट बिलिंग’ कायद्याने क्रेडिट कार्डधारकास बिलातील चुकीच्या आकारणीविरुद्ध लेखी हरकत घेण्याचा हक्क दिला. कार्ड कंपन्यांच्या नियमांतून याच काळात ‘चार्जबॅक’ची पद्धत विकसित झाली. ग्राहक आपल्या बँकेकडे तक्रार करतो, ती बँक विक्रेत्याच्या बँकेकडून रक्कम परत घेते आणि विक्रेत्याच्या खात्यातून ती वजा होते. विक्रेत्यास ठरावीक मुदतीत पुरावे देऊन प्रतिदावा करता येतो. सर्वसाधारणपणे ग्राहकाची मुदत १२० दिवसांपर्यंत असते. विक्रेत्याची त्याहून पुष्कळ कमी. व्ही. पी.च्या तुलनेत हा पूर्ण उलट क्रम होय. तेथे पैसे एकदा दिले की ग्राहकाने भांडायचे. येथे पैसे एकदा मिळाले तरी विक्रेत्याने भांडायचे.

१९९५ मध्ये पिएर ओमिड्यार यांनी सुरू केलेल्या ईबे या लिलावस्थळाने १९९६ मध्ये परस्पर अभिप्रायाची पद्धत आणली. हुंडीच्या काळातील पेढीची पत येथे अनोळखी लोकांच्या शेऱ्यांतून मोजली जाऊ लागली. केवळ शेरे पुरेसे नाहीत, हे लवकरच लक्षात आले. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील ईथन कॅट्श यांच्या पुढाकाराने ईबेवरील दोनशेहून अधिक वादांत ऑनलाइन मध्यस्थीचा प्रयोग करण्यात आला. २००२ मध्ये ईबेने पेपाल ही कंपनी विकत घेतल्यावर बाजार, पैसा आणि निवाडा ही तिन्ही सूत्रे एकाच छत्राखाली आली. पुढे दरवर्षी सुमारे सहा कोटी वाद या व्यवस्थेत हाताळले जात असल्याचे तिचे शिल्पकार कॉलिन रूल यांनी नमूद केले आहे. इतके वाद माणसांकरवी ऐकून घेणे शक्यच नव्हते. बहुसंख्य प्रकरणे संगणकीय नियमांनीच निकालात निघू लागली.

२००८ हे वर्ष विक्रेत्यांच्या दृष्टीने निर्णायक ठरले. विक्रेते सूडबुद्धीने प्रतिकूल शेरा देतील या भीतीने ग्राहक खरे मत नोंदवीत नाहीत, या कारणास्तव ईबेने विक्रेत्यांचा ग्राहकाविषयी प्रतिकूल शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. कारण समर्थनीय होते. परंतु त्यामुळे वारंवार खोटी तक्रार करणाऱ्या ग्राहकाविषयी इतर विक्रेत्यांना सावध करण्याचा मार्गही बंद झाला.

भारतीय ऑनलाइन बाजारपेठ : व्ही. पी.चे पुनरागमन

ईबेने २००४ मध्ये बाझी.कॉम विकत घेऊन भारतात प्रवेश केला. येथील ग्राहकाचा अनोळखी विक्रेत्यावर आणि कार्डावर विश्वास कमी होता. या अडचणीवर फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ हा तोडगा काढला. ऐतिहासिक दृष्ट्या पाहता ही व्ही. पी.चीच सुधारित आवृत्ती होती आणि दारात नाकारलेल्या पार्सलाची जुनी डोकेदुखीही तिच्यासोबत परत आली.

ऑनलाइन भरण्याच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने टप्प्याटप्प्याने नियमन केले. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना अतिरिक्त पडताळणी बंधनकारक झाली. त्यामुळे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ या तक्रारीस काही अंशी आळा बसला. २४ नोव्हेंबर २००९ च्या निर्देशांनी मध्यस्थांनी विक्रेत्यांचे पैसे स्वतःच्या खात्यात न मिसळता स्वतंत्र खात्यात ठेवणे आवश्यक केले. १७ मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत विक्रेत्यास रक्कम केव्हा मिळावी, हेही निश्चित करण्यात आले : पोहोचविण्याची जबाबदारी विक्रेत्याची असल्यास माल पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम ठेवण्याचा करार असल्यास ती मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये या तत्त्वांची जागा एकत्रित निर्देशांनी घेतली.

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि तिचे निवारण एका महिन्यात करणे आवश्यक आहे. सदोष, बनावट वा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देता येत नाही. ग्राहकहिताच्या दृष्टीने हे योग्यच आहे. तथापि माल योग्य असूनही परताव्याच्या खोक्यात जुनी वा वेगळीच वस्तू निघाली, तर विक्रेत्याचे म्हणणे कोणी व कोणत्या कारणांसह निकाली काढावे, याचा तितकाच स्पष्ट उल्लेख या नियमांत नाही. तेथे बाजारपेठेची स्वतःची धोरणेच कायद्याचे काम करतात.

विक्रेत्याची बाजू : नोंदीचे सामर्थ्य

वरील सर्व कालखंडांत एक सूत्र समान दिसते. वादाच्या वेळी पैसा ज्याच्या ताब्यात असतो तो निवाडा करतो आणि निवाडा कागदावर होतो. हुंडीची पेठ, टपालाची पावती व लिहून दिलेली कबुली यांची जागा आज बीजक, पार्सल बांधतानाचे चित्रीकरण, वजनाची नोंद, अनुक्रमांक आणि पोचपावती यांनी घेतली आहे. या नोंदी वाद उद्भवण्यापूर्वीच्या असाव्या लागतात. नंतर जमविलेल्या पुराव्यास फारशी किंमत राहत नाही. उत्तर तक्रारीच्या नेमक्या कारणालाच द्यावे लागते. ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीवर मालाच्या दर्जाचे दाखले निरुपयोगी ठरतात. तेथे पत्ता, तारीख आणि स्वीकारणाऱ्याची नोंद हवी. तक्रार चालू असताना ग्राहकास परस्पर पैसे परत केल्यास तीच रक्कम दुसऱ्यांदा वजा होण्याचा धोका संभवतो. तसेच रक्कम जमा झाल्याचे ग्राहकाने पाठविलेले छायाचित्र हा पुरावा नव्हे. स्वतःच्या खात्यातील जमा हाच पुरावा. मुदत चुकणे म्हणजे बहुतेक वेळा वाद हरणे, हे मात्र सर्वच तक्रारींना लागू पडते.

निष्कर्ष :

१. दूरस्थ विक्रीतील पैशांचे वाद इंटरनेटने निर्माण केलेले नाहीत. माल व पैसा यांची देवघेव एकाच वेळी होत नाही, हे त्यांचे मूळ कारण होय.

२. व्ही. पी.च्या काळात पैसे दिल्यानंतरची जोखीम ग्राहकावर होती. चार्जबॅक व परतावा धोरणांच्या काळात ती विक्रेत्याकडे सरकली. दोन्ही टोकांना दुर्बल पक्षच भरडला जातो.

३. मध्यस्थाचे स्वरूप मूलतः बदलले आहे. टपाल खात्यास विक्रीत स्वारस्य नव्हते. आजची बाजारपेठ विक्रीवर दलाली घेते, पैसा हाताळते आणि निवाडाही करते.

४. म्हणून ग्राहकाच्या संरक्षणास बाध न आणता विक्रेत्यास किमान तीन गोष्टी मिळाव्यात : पुरावा मांडण्यास पुरेशी मुदत, सकारण निर्णय आणि बाजारपेठेबाहेरील स्वतंत्र अपील. १८९८ च्या कायद्याने परकीय राजवटीतही मध्यस्थाचे अधिकार लिखित नियमांत बांधले होते. आजच्या मध्यस्थाकडून त्याहून कमी अपेक्षा करण्याचे कारण नाही.