मोती, मोहरा आणि खुर्दा

काला अंबच्या स्तंभापाशी तुम्ही उभे आहात. पानिपत शहर मागे राहिलं. इथलं आंब्याचं झाड रक्तानं काळं पडलं, ही आख्यायिका तुम्हाला एव्हाना दोघातिघांनी ऐकवली असेल. मला मात्र इथं आलं की सावकाराची ती चिठ्ठी आठवते. १४ जानेवारी १७६१चा पराभव नानासाहेब पेशव्यांना कळला तो हिशेबाच्या भाषेत: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर मोजदादच नाही. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव. खुर्दा म्हणजे तुमच्याआमच्यासारखे.

त्यातला थोडा खुर्दा खिशात टाका आणि चला. पुढचा खेळ तीन पैशांचाच आहे.

१९ फेब्रुवारी १९३१, बर्लिन. जी. डब्ल्यू. पाब्स्टच्या 'थ्रीपेनी ऑपेरा' या नव्या बोलपटाचा पहिला खेळ. पडद्यावर लंडनची गोदी, धुकं आणि रस्त्यावरच्या गर्दीत चित्रं दाखवत खुनांची गाणी म्हणणारा एक गायक. गाणी मॅकी या दरोडेखोराची आहेत आणि मॅकी त्याच गर्दीत ऐटीत उभा आहे, हातात छडी घेऊन. लोक ऐकतात, कोणी ओळखत नाही. तुम्ही ओळखता, आणि तो तुम्हाला आवडायला लागतो! इथंच गोम आहे.

अडीच वर्षांपूर्वी, ऑगस्ट १९२८मध्ये, याच शहरात नाटककार ब्रेश्त आणि संगीतकार कुर्त वाइलचं, ज्यावरून हा बोलपट निघाला ते नाटक रंगमंचावर आलं. ज्यांच्यावर कोरडे ओढले, त्याच शेठजींनी ते डोक्यावर घेतलं. मूळ नाटकातले दरोडेखोर मॅकी आणि पोलीसप्रमुख ब्राउन जुने दोस्त. दोघंही गोऱ्या फौजेतून हिंदुस्थानात लढलेले. म्हणजे आपल्याच मुलखातून शिकून गेलेली जोडी.

पडद्याकडे बघा. वाइलची बरीचशी गाणी कापली आहेत. ब्रेश्त आणि वाइल दोघंही निर्मात्यांवर कोर्टात गेले होते; ब्रेश्त हरला. तरी शेवट येतो तेव्हा तुम्ही खुर्चीत सावरून बसता. राज्यारोहणाच्या मिरवणुकीत भिकारी घुसतात, राणी फुलांआड तोंड लपवते. आणि मॅकी? त्याच्या बायकोनं, पॉलीनं, तोवर चोरांना घेऊन चक्क बँक काढलेली असते. पोलीसप्रमुख भागीदार. ही बँक ब्रेश्तच्याच आराखड्यातली, ज्याला चित्रपट मान्य नव्हता त्याची. माझ्या मते नाटकापेक्षा हा शेवट अधिक झोंबतो. फाशीच्या दोरापासून सुटलेल्या चोराला आपण टाळ्या देतो. तोच गल्ल्यावर बसला की हात आखडतो. पुढं सत्तेवर आलेल्या नाझींनी या चित्रपटावर बंदी घातली.

आता १९७०. काला अंबहून सोनिपतमार्गे दिल्लीला निघालात की पंडित लखमीचंदांच्या स्वांगाचा, म्हणजे तिथल्या लोकनाट्याचा मुलूख लागतो. म्हणून राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, पूर्व जर्मनीतून आलेल्या फ्रिट्झ बेनेविट्झच्या दिग्दर्शनाखाली हेच नाटक 'तीन टके का स्वांग' या नावानं उभं राहतं, याचं तुम्हाला नवल वाटत नाही.

आणि १९७८, पुणे. आणीबाणी आदल्याच वर्षी उठलीय. निवडणुकीच्या सभा गाजवणाऱ्या पु. लं.नी त्याच नाटकावरून लिहिलेला 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकादमीनं केलाय, दिग्दर्शक जब्बार पटेल. मॅकीचा इथं अंकुश झालाय, आणि अंकुश म्हणून नंदू भेंडे येतो. पदमसींच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये ज्यूडास झालेला हा गडी मराठी रंगभूमीवर थेट रॉक गायला लागतो आणि तुमच्या शेजारचे धोतरवाले काका दचकतात. मग माधुरी पुरंदरेंची झेलम गाऊ लागते. काका आता मान डोलावताहेत. अंकुश चोर आहे हे ते केव्हाच विसरलेत, तुम्हीही. बर्लिनला झालं तेच.

पाब्स्टचा चित्रपट आजही पाहायला मिळतो, कोर्टकज्जा आणि बंदीनंतरही. नाटकाचा प्रयोग मात्र पाहणाऱ्यांच्या आठवणीतच राहतो, आणि ती पिढी आता सत्तरीच्या घरात आहे. तुमच्या घरी कोणी त्यातलं असेल, तर गाणी कशी होती हे विचाराच. पण टाळ्या नेमक्या कुठल्या वाक्याला पडल्या, तेही लिहून घ्या.